छापून आलेला जबडा

२०२१च्या मे महिन्यात केंद्र सरकारने म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराची नोंद साथरोग कायद्याखाली करायला राज्यांना सांगितलं. तोवर महाराष्ट्रातल्या कान-नाक-घसा आणि दंत विभागांत बुरशीने पोखरलेले वरचे जबडे काढायचं काम रात्रंदिवस सुरू झालेलं होतं. जे वाचले त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. टाळू नाही, वरचे दात नाहीत, पाणी प्यायलं की नाकातून बाहेर, आणि बोललेलं फक्त घरच्यांना कळणार. त्यांतल्या काहींच्या चेहऱ्यात पुढे टायटॅनियमचा सांगाडा बसला. त्याच माणसाच्या सीटी स्कॅनवरून आखलेला, धातूच्या भुकटीचे थर लेसरने वितळवत छापलेला.

या सांगाड्यावरून दोन डॉक्टरांत होऊ शकेल असा वाद खाली दिला आहे. माणसं मी कल्पिलेली आहेत. मुद्दे मात्र डॉक्टरांच्या खोल्यांत चहाबरोबर नेहमी निघणारे. मामा सांगली जिल्ह्यात हाडांच्या शस्त्रक्रिया करून निवृत्त झालेले. भाची पुण्यात तोंड आणि जबड्याची सर्जन. ती मामाला अरेतुरे करते, पण ओटीतल्या गोष्टींबद्दल त्याचं पूर्ण ऐकून घेते, म्हणून वाद लांबतो. मध्येमध्ये मी कंसात बोललो आहे. गप्प बसवलं नाही.

मामा: तुझा तो म्युकरचा पेशंट. त्याला ऑब्च्युरेटर का नाही दिलास?

भाची: द्यायला पकड कुठे होती? ऑब्च्युरेटर म्हणजे शेवटी टाळूचं भोक बुजवणारी कवळी. एका बाजूचे दात शिल्लक असते तर त्यांना तारा अडकवून बसली असती. याचे दोन्हीकडचे गेले. मग गालाच्या हाडांत स्क्रू मारून सांगाडा बसवला, दात त्याच्यावर.

मामा: आणि बुरशी परत आली तर? कवळी काढली, टॉर्च मारला की आतली पोकळी दिसते. तू तिच्यावर छतच घातलंस.

भाची: म्हणूनच थांबलो होतो. बुरशीची औषधं संपली, साखर ताब्यात आली, एन्डोस्कोपी आणि एमआरआय पुन्हा करून झाले, मगच मापं घेतली.

मामा: बरं. आखणी कुणाची?

भाची: कंपनीच्या इंजिनिअरची. मी ऑनलाइन बैठकांना होते. स्क्रू कुठे जाणार, सांगाडा हाडावर कुठे टेकणार, हे मी सांगितलं. रेघ त्याने ओढली.

मामा: माझी तक्रार तिथूनच सुरू होते. तू ज्या हाडावर स्क्रूची जागा दाखवलीस ते हाड तू पाहिलेलंच नाहीस. सीटीत हाड नसतं ग. करड्या छटा असतात, आणि अमुक आकड्याच्या वरचं ते हाड असं कुणीतरी ठरवलेलं असतं. डोळ्याच्या खोबणीचा तळ घे. हाड अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून पातळ. सीटीच्या एका ठिपक्यात थोडं हाड, थोडी चरबी, खालची थोडी हवा, सगळ्यांची सरासरी होते. ती आकड्याच्या खाली गेली की संगणक म्हणतो, इथे भोक आहे. प्रिंटर इमानदार. तो भोक छापतो.

भाची: हे ज्याला ठाऊक आहे तो आखतानाच ते बुजवतो.

मामा: आणि ज्याला ठाऊक नाही तो?

भाची: तो पडद्यावरही फसलाच असता.

मामा: पडद्यावर माणूस निदान संशय घेतो. पुढचा काप बघतो, मागचा बघतो. हातात घेतलेल्या वस्तूचा कुणी संशय घेत नाही.

(या विषयावर मी जे काही वाचलं-ऐकलं त्यात हे मला सगळ्यात कामाचं वाटलं. अमेरिकेत चक हल यांनी थर साचवून वस्तू घडवण्याच्या पद्धतीचं पेटंट १९८४ मध्ये मागितलं, तेव्हापासून या तंत्राच्या अचूकतेचंच कौतुक होत आलं आहे. प्रिंटर अचूक असतो हे खरंच. पण तो अचूक असतो फाइलशी. फाइल आणि पेशंट यांच्यातलं अंतर त्याला माहीत नसतं.)

भाची: मामा, तू खुब्याच्या वाटीची फ्रॅक्चर्स करायचास. प्लेट कुठे वाकवायचास?

मामा: टेबलवरच. जखमेत धरून बघायची, काढायची, वाकवायची, परत धरायची.

भाची: कितीदा?

मामा: बसेपर्यंत.

भाची: आणि तोवर रक्त?

मामा: जायचं. चार-चार बाटल्या आधीच सांगून ठेवायचो.

भाची: आता आदल्या रात्री साधा प्रिंटर तो सगळा पेल्व्हिस छापतो. मोडलेली बाजू समजून घ्यायला एक, आणि न मोडलेल्या बाजूची उलटी प्रतिमा प्लेट वाकवायला दुसरा. प्लेट त्यावर बसवून, वाकवून, निर्जंतुक करून तयार. टेबलवर ती एकदाच आत जाते. किलोभर पीएलए प्लास्टिक हजार-दीड हजारात येतं आणि एका पेल्व्हिसला किलोभर लागतही नाही. रक्त कमी जातं, वेळ वाचतो. बहुतेक अभ्यास लहान आहेत हे मान्य, पण त्यांचा कौल एकाच बाजूला आहे.

मामा: याला माझा विरोध कधी होता? छापलेलं हाड बाहेरच राहतं. ते चुकलं, तर प्लेट पुन्हा वाकवता येते. माझा राग शरीरात राहणाऱ्या गोष्टीवर.

भाची: मग कवटीचं सांग. मेंदूला सूज आली म्हणून हाड काढलं, पोटाच्या कातडीखाली ठेवलं. पुढे कधी ते विरघळतं, कधी पू होतो, कधी मुळातच इतकं चुरा झालेलं असतं की ठेवण्यात अर्थ नसतो. मग काय करायचे?

मामा: बोन सिमेंट. पावडर आणि लिक्विड मिसळायचं, कणकेसारखं झालं की हातानं आकार द्यायचा. पाच-दहा मिनिटांत घट्ट होतं आणि होताना चांगलंच तापतं. खाली मेंदूचं आवरण असतं, म्हणून वरून सलाइन सोडत राहायचं.

भाची: आणि आकार?

मामा: ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे. कपाळाला टेंगूळ राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

भाची: आता कवटीची चांगली बाजू उलटवून त्याचा साचा छापतात. पेणला गणपती काढतात तसं सिमेंट साच्यात दाबायचं, तापून निवेपर्यंत बाहेरच ठेवायचं, मग बसवायचं. शरीरात जातं ते तुझंच जुनं सिमेंट. छापलेली वस्तू बाहेर. खर्च टायटॅनियमच्या तयार प्लेटच्या जवळपासही नाही. हे तुझ्या कुठल्या बाजूला टाकशील?

मामा: साचा निर्जंतुक कसा करतेस?

भाची: प्लाझ्मा किंवा ईटीओ वायूने.

मामा: ऑटोक्लेव्हला नाही ना? पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. ऑटोक्लेव्ह एकशे एकवीस अंश. नव्या हौशी मुलांनी त्यात छापलेला गाइड, म्हणजे करवतीला वाट दाखवणारा साचा टाकला, बाहेर काढला तेव्हा तो वेडावाकडा. आणि कहर म्हणजे जेमतेम वाकलेला असला तर कळतही नाही. तो हाडावर बसतो. दोन मिलिमीटर इकडे.

भाची: ते प्रिंटिंगचं पाप नाही. ज्याला आपल्या सामानाचा स्वभाव माहीत नाही त्याचं आहे.

मामा: मान्य. पण प्रिंटर सोपा झाला की असेच लोक वाढतात.

(शरीराबाहेर राहणाऱ्या छपाईबद्दल मी भाचीच्या बाजूचा आहे आणि त्यात मला फारसा किंतु नाही. एक सहज सांगायचं म्हणजे, मापाने बनवून कानात बसवायच्या श्रवणयंत्रांची कवचं आज जवळजवळ सगळीच छापून येतात. तिथे कुणी भाषण केलं नाही, वर्तमानपत्रात चमत्कार म्हणून छापून आलं नाही. कान दुखायचे थांबले, एवढंच.)

भाची: आता हृदयाचं घे. मूल जन्मतं आणि दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या उजव्याच कप्प्यातून निघालेल्या असतात. मधल्या पडद्याला भोक. त्या भोकातून डाव्या कप्प्याचं रक्त आडोसा घालून महाधमनीपर्यंत न्यायचं, की त्या मुलाला आयुष्यभर एकाच कप्प्यावर चालवायचं, हा निर्णय सर्जनला घ्यायचा असतो. हृदय अक्रोडाएवढं, थांबवलेलं, घड्याळ चालू. काही देशांतल्या दहा केंद्रांनी मिळून अशी अवघड चाळीस हृदयं छापली, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सर्जननी आधी एमआरआय-सीटी बघून ठरवलं, मग मॉडेल हातात घेऊन. चाळीसपैकी एकोणीसांत बेत बदलला.

मामा: बदलून मुलांचं जास्त भलं झालं?

भाची: ते तपासायला मॉडेल न बघता ऑपरेशन झालेला दुसरा गट नव्हता.

मामा: मग कळलं एवढंच की मॉडेल दिसलं की सर्जन मत बदलतो. तुझी ती पेशंटच्या मापाची गुडघ्याची गाइडं आठव. परिषदा भरल्या, स्टॉल लागले, पेशंट नावानिशी मागायला लागले. पुढे चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर नेहमीच्या साधनांपेक्षा ठळक फायदा काही दिसेना.

भाची: गुडघा आणि हे हृदय एका मापाने मोजू नकोस. गुडघे हजारोंनी होतात आणि एकमेकांसारखे असतात. तिथे चिठ्ठी टाकून दोन गट करता येतात. ही हृदयं एकासारखं दुसरं नसतं. जिथे नेहमीची पद्धत चांगली चालते तिथे छापून फायदा कमीच दिसणार. जिथे सर्जन मुळात गोंधळलेला आहे तिथे मॉडेल उपयोगी पडतं.

मामा: हे बोललीस ते बरं. म्हणजे सगळीकडे नको.

भाची: सगळीकडे कोण म्हणतंय?

मामा: विकणारे. आणि मला भीती कशाची वाटते सांगू? स्टॉकहोमची. २०११ पासून तिथे माक्यारिनी नावाच्या सर्जनने माणसांच्या श्वासनलिका काढून प्लास्टिकच्या बसवल्या, वर स्टेम सेल लावून. जगभर गाजला. तिथले तिघेही पेशंट गेले. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची कैद दिली.

भाची: त्या नलिका छापलेल्या नव्हत्या, मामा.

मामा: छापलेल्या असत्या तर वाचले असते?

भाची: नसते. पण त्याच सुमारास मिशिगन विद्यापीठात काय झालं तेही बघ. काही महिन्यांचं बाळ. श्वासनलिकेची फांदी इतकी लुळी की श्वास सोडताना मिटायची. २०१२ मध्ये त्यांनी बाळाच्या सीटीवरून पॉलिकॅप्रोलॅक्टोनचं एक उघडं आवरण छापलं आणि ते नलिकेच्या बाहेरून बसवून तिला आतून टाके घालून टांगलं. आवरणाला चीर ठेवली, कारण मूल वाढणार. साधारण तीन वर्षांत ते आपोआप विरघळतं. तोवर नलिका स्वतः ताठ होते. २०१५ मध्ये अशा तीन मुलांचा अहवाल आला. स्टॉकहोमला नळी काढून टाकली. मिशिगनला तिला फक्त तात्पुरता आधार दिला.

मामा: तीन मुलं.

भाची: तीन. आणि त्यांनी तीनच म्हटलं, तीनशेचं स्वप्न विकलं नाही.

(मामा इथे थोडे गप्प झाले असते, असं मला वाटतं. शरीरात राहणाऱ्या छपाईबद्दल आपण ज्या उत्साहाने बोलतो त्यात हा फरक बुडतो. पेशी छापून अवयव बनवण्याची बातमी दर वर्षी येते. २०२२ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आयआयटी आणि सीसीएमबीबरोबर छापलेला कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवला. चांगलं काम आहे, आणि ते सशात आहे. बातमी वाचणाऱ्याच्या घरात मात्र कुणीतरी किडनीची वाट बघत असतं.)

मामा: आता तुझ्या खऱ्या कामावर ये. तंबाखूचे जबडे.

भाची: खालचा जबडा काढायचा, पायातलं फिब्युला रक्तवाहिन्यांसकट घ्यायचं, तुकडे करून जबड्याच्या वळणात बसवायचं. पूर्वी कोन डोळ्यांनी ठरायचे. आता जबड्याला एक गाइड, पायाला एक. करवत खाचेतून जाते, तुकडे एकमेकांना भिडतात, प्लेट आधीच वाकवलेली. पायातून हाड सुटण्याआधीच त्याचा जबडा तयार असतो.

मामा: सीटी कधी काढलास?

भाची: कळलं, कुठे चाललास ते.

मामा: सांग ना.

भाची: कंपनीकडून गाइड यायला कधी तीन आठवडे लागतात.

मामा: आणि कर्करोग तीन आठवडे थांबतो. तुझ्या हातात सीटी काढला त्या दिवशीचा जबडा येतो, ऑपरेशनच्या दिवशीचा येत नाही. मार्जिनला गाठ लागली, आणखी एक सेंटीमीटर काढायला हवं. गाइडची खाच तर मागेच राहिली. आता?

भाची: आता गाइड ट्रेमध्ये. हातानं.

मामा: तुला येतं?

भाची: मला येतं. मी गाइडशिवाय शिकले.

मामा: तुझ्या ज्युनियरला?

भाची: …त्याने गाइडशिवाय एकही केलेली नाही.

मामा: बस्स.

भाची: थांब, इतक्यात जिंकू नकोस. तीन आठवड्यांवरचा उपाय छपाई बंद करणं हा नाही. छपाई रुग्णालयात आणणं हा आहे. सीटी सोमवारी, आखणी मंगळवारी, प्रिंटर रात्रभर, गाइड बुधवारी. मुंबईच्या आयआयटीत बेटिक आहे, डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलावर बसतात. तसं टेबल प्रत्येक मोठ्या मेडिकल कॉलेजात का नसावं? आणि ज्युनियरला आधी छापलेल्या जबड्यावर हातानं कापायला लावते, गाइडशिवाय. प्रेतावर शिकायला मिळतं किती? मॉडेलवर पुन्हा पुन्हा मिळतं.

मामा: प्लास्टिक करवतीला हाडासारखं लागत नाही.

भाची: नाही लागत. पण कोन चुकला तर रक्त येत नाही.

मामा: आणि याचे पैसे? अमेरिकेत बिलात मॉडेल आणि गाइडसाठी कोड मिळाले ते २०१९ मध्ये, आणि तेही तात्पुरत्या वर्गातले, आकडे गोळा करण्यासाठीचे. आमच्या जिल्ह्यातला माणूस सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये येतो. त्यात तुझ्या इंजिनिअरचा वेळ कोण धरणार?

भाची: प्लास्टिकचं मॉडेल रुग्णालयाला परवडतं. टायटॅनियमचा सांगाडा परवडत नाही, हे खरं. म्युकरच्या पेशंटांसाठी ट्रस्टांचे दरवाजे ठोठावले, काहींना मिळालं, काहींना नाही. ज्यांना नाही मिळालं ते अजून ऑब्च्युरेटरवर आहेत. त्यातल्या काहींचं बरं चाललंय, हेही सांगते, म्हणजे तू म्हणशील तोंड लपवते.

मामा: मला एक सांग. आखणीवर सही कुणाची?

भाची: माझी. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांत अशा वस्तूची व्याख्याच आहे: त्या विषयातल्या नोंदणीकृत डॉक्टरने लिहून दिलेली, त्याच्या जबाबदारीवर, एकाच पेशंटसाठी.

मामा: म्हणजे रेघ इंजिनिअरची, लेसर कंपनीचा आणि जबाबदारी तुझी.

भाची: तुझ्या वाकवलेल्या प्लेटची जबाबदारी कुणाची होती?

मामा: माझीच. पण ती मी वाकवली होती. कुठे जोर लावला ते माझ्या बोटांना माहीत होतं. तुला ते फाइल उघडूनच कळणार. उघडतेस का?

भाची: आता उघडते. आधी कंपनी चित्रांची पीडीएफ पाठवायची, मी मान्य म्हणून परत पाठवायचे. एकदा सांगाड्याचा एक पाय सायनसच्या भिंतीवर टेकवलेला सापडला. ती भिंत इतकी पातळ की स्क्रू धरलाच नसता. चित्रात ते दिसत नव्हतं, फाइल फिरवून बघितली तेव्हा दिसलं. तेव्हापासून मूळ फाइल मागते आणि स्वतः सीटीवर ठेवून काप-काप बघते. कंपनी कुरकुरते.

मामा: कुरकुरू दे. दहा वर्षांनी यातला एक स्क्रू सैल झाला, पेशंट सोलापूरच्या कुठल्यातरी डॉक्टरकडे गेला. एक्स-रेत त्याला काय दिसणार?

भाची: कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसलेला धातू.

मामा: मग?

भाची: डिस्चार्ज कार्डावर मिश्रधातू, स्क्रूंची लांबी-जाडी, त्यांना लागणाऱ्या स्क्रूड्रायव्हरचं डोकं, सगळं लिहिते. फाइल रुग्णालयाच्या सर्व्हरवर असते.

मामा: आणि सर्व्हर बदलला, कंपनी बंद पडली?

भाची: फाइल पेन ड्राइव्हवर घरच्यांनाही देते. मागच्या पेशंटच्या मुलाने ती मोबाइलवर उघडून बापाला दाखवली.

मामा: बाप काय म्हणाला?

भाची: म्हणाला, यात माझे दात कुठले?